आकाशाची मोजणी : बेगमपेठेपासून औंढ्यापर्यंत

जमिनीची मोजणी आणि आकाशाची मोजणी यांत एक मोठा भेद आहे. जमिनीची मोजणी झाली म्हणजे सारा ठरतो, बांधाचे तंटे मिटतात, निदान ते कोर्टांत चालविण्यास आधार तरी मिळतो. मोजणीचें फळ मोजणाऱ्याच्या हयातींतच पदरांत पडतें. आकाशाच्या मोजणीचें तसें नाहीं. ताऱ्यांचीं स्थानें आज काटेकोरपणें टिपून ठेवलीं, तर त्यांचा खरा उपयोग टिपणाऱ्याच्या नातवंडांच्या पिढीला होतो. कारण तारे 'स्थिर' म्हणविले जात असले तरी ते सरकत असतात, आणि तें सरकणें इतकें मंद असतें कीं दोन मोजण्यांमध्यें पाऊणशें-शंभर वर्षें गेल्यावांचून तें नीट हातीं लागत नाहीं. यास्तव आकाशाची मोजणी करणाऱ्यापुढें दोन प्रश्न असतात : माप घ्यावें कसें, आणि घेतलेलें माप पुढील पिढीपर्यंत जपावें कसें. पहिल्या प्रश्नाच्या इतिहासांत दुर्बिणी आणि भिंगें असल्यामुळें तो पुष्कळांनीं लिहिला आहे. दुसऱ्याच्या इतिहासांत कारकुनी, कागद आणि कपाटें यांचाच भरणा असल्यामुळें त्याकडे सहसा कोणी वळत नाहीं.

मराठी वाचकांनीं या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावें असें निमित्त आज घडलें आहे. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत, दुधाळा येथें, गुरुत्वलहरींचा वेध घेणाऱ्या वेधशाळेची योजना आंखली गेली आहे. तिच्याविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा खर्चाविषयीं, जमिनीविषयीं किंवा कृष्णविवरांच्या नवलाविषयीं असतें. परंतु ही वेधशाळा रात्रंदिवस नोंदी करणार आहे, आणि त्या इतक्या कीं त्या सांभाळणें व वाचणें हाच तिच्या कामाचा फार मोठा भाग राहील. अशा कामाचा पूर्वानुभव आपल्या गांठीं आहे काय? आहे, आणि तो शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. ज्या हैदराबाद संस्थानांत औंढा १९४८ पर्यंत मोडत होतें, त्याच संस्थानाच्या राजधानींत, बेगमपेठेच्या वेधशाळेंत, छायाचित्रांच्या साहाय्यानें झालेल्या जगांतील पहिल्या मोठ्या आकाशमोजणीचा एक वाटा पुरा करण्यांत आला.

तत्पूर्वीं आपली जुनी रीत काय होती तें पाहिलें पाहिजे. आपल्याकडील सिद्धांतग्रंथ आणि करणग्रंथ यांत ग्रहांचे भगण, मध्यम गति, क्षेपक हे अंक मिळतात. ते ज्या वेधांवरून निघाले ते वेध मात्र बहुधा मिळत नाहींत. कोंकणांतील नांदगांवचा केशव दैवज्ञ यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः वेध घेऊन ग्रहगति तपासल्या. त्याचा पुत्र गणेश यानें १५२० सालीं रचलेला 'ग्रहलाघव' हा ग्रंथ पुढें शतकानुशतकें पंचांगकर्त्यांच्या हातीं राहिला. केरळांतील परमेश्वर यानें तर ग्रहणांचे वेध वर्षानुवर्षें घेतले आणि नोंदले. तथापि हे अपवाद होत. सर्वसाधारण रीत अशी कीं, निष्कर्ष श्लोकबद्ध करावा, आणि ज्यांवरून तो काढला तीं मापें सोडून द्यावींत. श्लोक पाठ होतो, मापांचें कोष्टक पाठ होत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

निष्कर्ष जपण्याची कळकळ आपल्यांत कमी नव्हती. चाळीसगांवजवळ पाटणें येथें भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि १२०७ सालीं त्याला दान मिळालें, हें तेथील शिलालेखावरून समजतें. एका ज्योतिष्याचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जावेत म्हणून यादवांच्या राज्यांत अशी तजवीज झाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती तजवीज सिद्धांतासाठीं होती, वेधांसाठीं नव्हे. परिणाम असा झाला कीं, पुढच्या शोधकाला मागच्याचा अंक पत्करावा किंवा टाकावा एवढेंच करतां येई. तो कोणत्या मापावरून निघाला हें पाहून दुरुस्त करतां येत नसे.

ही उणीव ज्या योजनेंत कटाक्षानें टाळली गेली, ती १८८७ सालीं पॅरिस येथें आकाराला आली. तेथील वेधशाळेचे प्रमुख ॲडमिरल मुशे यांच्या पुढाकारानें निरनिराळ्या देशांचे ज्योतिषी जमले, आणि छायाचित्रणाची नवी कला वापरून सबंध आकाशाची मोजणी करण्याचें त्यांनीं ठरविलें. क्रांतीच्या अंशांप्रमाणें आकाशाचे पट्टे पाडण्यांत आले आणि एकेक पट्टा एकेका वेधशाळेनें पत्करला. आरंभीं अशा अठरा वेधशाळा होत्या. सुमारें अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची सूची आणि त्याहूनही मंद ताऱ्यांचा नकाशा, असे दोन हेतु होते. नकाशा अखेरपर्यंत अपुराच राहिला. सूची मात्र पुरी झाली, आणि येथें आपल्याला तिच्याशींच कर्तव्य आहे.

मोजणीची रीत सर्वांसाठीं एकच ठरली. कांचेच्या प्रत्येक प्लेटवर दोन अंश लांब व दोन अंश रुंद एवढा आकाशाचा चौकोन यावा, आणि प्लेटवरील एक मिलिमीटर म्हणजे आकाशांतील एक कला व्हावी, असें प्रमाण धरलें. ताऱ्यांबरोबरच पांच-पांच मिलिमीटर अंतराच्या बारीक रेषांची एक जाळीही प्लेटवर उमटविली जाई. तिचा हेतु मोठा मार्मिक होता. छायाचित्राचा थर धुतांना किंवा वाळतांना आकसला तर ताऱ्यांचे ठिपके जागचे हलतात. परंतु त्यांच्याबरोबर जाळीही हलते, आणि जाळीच्या रेषांपासून तारा मोजला म्हणजे तो दोष बराचसा निघून जातो. शिवाय शेजारच्या प्लेटी एकमेकींवर अशा चढविलेल्या असत कीं प्रत्येक तारा निदान दोन प्लेटींवर यावा. माप घेण्यापूर्वींच मापांतील चूक ओळखण्याची सोय करून ठेवणें, ही या योजनेची पहिली शिस्त होती.

मूळच्या अठरा वेधशाळांत हैदराबाद नव्हतें. दक्षिण क्रांतीच्या १७ पासून २३ अंशांपर्यंतचा पट्टा दक्षिण अमेरिकेंतील सांतियागो येथील वेधशाळेकडे होता. तेथें तें काम पार पडलें नाहीं. इकडे हैदराबादेंत नबाब जफर जंग या सरदारानें इंग्लंडांतून पंधरा इंची दुर्बीण आणवून १९०१ सालीं आपल्या जागेंत वेधशाळा मांडली आणि तिला निजामाचें नांव दिलें. १९०७ सालीं नबाब वारले. पुढच्या वर्षीं संस्थान सरकारनें वेधशाळा आपल्या ताब्यांत घेऊन चॅटवुड यांस संचालक नेमलें, आणि पुढें ती बेगमपेठेस हलली. तेथील आठ इंची छायाचित्रक दुर्बिणीच्या वांट्याला सांतियागोचा पट्टा आला.

१९१४ सालीं रॉबर्ट पोकॉक संचालक झाले आणि काम नेटानें सुरू झालें. १९१८ सालीं ते वारले. त्यांच्यामागून वेधशाळेचीं सूत्रें टी. पी. भास्करन् यांच्याकडे आलीं तीं १९४४ पर्यंत त्यांच्याच हातीं होतीं. १९१९ सालीं ही संस्था उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. आपला पट्टा संपविल्यावर हैदराबादनें थांबण्यास हरकत नव्हती. परंतु जर्मनींतील पॉट्सडॅम वेधशाळेचा उत्तर क्रांतीचा पट्टा अपुरा पडला होता. त्यांतील ३६ पासून ३९ अंशांचा भागही हैदराबादनें अंगावर घेतला. अखेर बारा खंड छापून निघाले, आणि त्यांत साडेसात लाखांच्या वर तारे मोजलेले आहेत. या सर्वाला सुमारें तीन दशकें लागलीं.

साडेसात लाख हा आंकडा वाचण्यास सोपा आहे. तो कसा जमला हें डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. प्लेट एका चौकटींत बसवावी, तिच्यामागें उजेड ठेवावा, सूक्ष्मदर्शकांतून एकेक काळा ठिपका हुडकावा, जाळीच्या उभ्या रेषेपासून त्याचें अंतर वाचावें, मग आडव्या रेषेपासून वाचावें, ठिपक्याच्या आकारावरून तेजाचा अंदाज करावा, आणि तिन्ही अंक वहींत उतरवावे. मग पुढचा ठिपका. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष हेंच काम. अनेक वेधशाळांत तें अल्प वेतनाच्या मदतनिसांनीं केलें. पॅरिसमध्यें डोरोथिया क्लुंपके या विदुषीच्या देखरेखीखालीं स्त्रियांचा एक विभागच मोजणी करीत असे. व्हॅटिकनच्या वेधशाळेंत १९१० ते १९२१ या काळांत चार ख्रिस्ती जोगिणींनीं चार लाख ऐंशीं हजारांवर तारे मोजले. बेगमपेठेच्या वेधशाळेंतील एका साहाय्यकाचे पुत्र वेणू बाप्पू हे पुढें स्वतंत्र भारतांतील ज्योतिर्विज्ञानाचे एक प्रमुख शिल्पकार झाले. बाकीच्या मोजणाऱ्यांचीं नांवें इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतात.

आतां या सूचींत छापलें काय, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण सगळें मर्म तेथेंच आहे. वाचकाला वाटेल कीं प्रत्येक ताऱ्याचा विषुवांश आणि क्रांति छापली असेल. बहुतेक पट्ट्यांच्या खंडांत तसें केलेलें नाहीं. छापलीं तीं प्लेटवरचीं मूळ मापें : जाळीवर इतकें आडवें, इतकें उभें. त्यांवरून आकाशांतील स्थान काढण्यास लागणारे प्रत्येक प्लेटीचे स्थिरांक निराळे दिले, आणि तेही तात्पुरते म्हणून. प्लेट आकाशाशीं जोडण्यासाठीं ज्या थोड्या ताऱ्यांचीं स्थानें आधीं ठाऊक असावीं लागतात, त्यांचींच स्थानें त्या वेळीं पुरेशीं अचूक नव्हतीं. पुढें कधीं तीं अचूक झालीं, तर मूळ माप हाताशीं असल्यानें सगळें गणित नव्यानें करतां येईल, असा त्यांत विचार होता. आपल्या जुन्या परंपरेंत जें गळलें, तेंच येथें मुख्य ठेव म्हणून राखलें गेलें.

परंतु हे खंड निघत असतांच ज्योतिषाचें लक्ष दुसरीकडे वळलें. अमेरिकेंतील मोठ्या दुर्बिणींनीं ताऱ्यांचे वर्णपट आणि दूरच्या दीर्घिका यांचा अभ्यास चालविला. युरोपांतील वेधशाळा मात्र मोजणीच्या घाण्याला जुंपल्या गेल्या, अशी टीका होऊं लागली. या योजनेला पांढरा हत्ती समजणारेही निघाले, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. १९७० सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघानें तिचें प्रकरण मिटविलें. तोंवर हैदराबाद संस्थानही उरलें नव्हतें. सप्टेंबर १९४८ मध्यें तें भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं त्याचे भाषावार तीन वाटे होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत आला. वेधाचें काम रंगापूरला गेलें आणि तेथें १९६८ सालीं अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसली. बेगमपेठेच्या आवारांत आज अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांच्या अभ्यासाची एक संस्था आहे.

वेधशाळा मोडणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत कावसजी दादाभाई नायगांवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें १८८८ सालीं उभारलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा, ते १९१२ सालीं निवृत्त होतांच बंद पडली आणि तिचीं यंत्रें कोडाईकनालला गेलीं. यंत्र एका जागेवरून दुसरीकडे नेतां येतें. नोंदींची परंपरा मात्र एकदां तुटली कीं ती सहसा सांधत नाहीं. बेगमपेठेचें वेगळेपण एवढेंच कीं, तिनें आपल्या नोंदी वेळींच छापल्या आणि देशोदेशींच्या ग्रंथालयांत पाठविल्या. त्या तेथें धूळ खात, परंतु सुरक्षित, राहिल्या.

१९८९ सालीं युरोपीय देशांनीं हिप्पार्कस नांवाचा उपग्रह सोडला. १९९३ पर्यंत त्यानें ताऱ्यांचीं स्थानें पूर्वी कधीं न साधलेल्या अचूकतेनें मोजलीं. परंतु तीन-चार वर्षांत तारा कितीसा सरकणार? गति काढावयाची तर जुनें माप पाहिजे. तेव्हां या जुन्या खंडांचें महत्त्व एकदम वाढलें. सर्व वेधशाळांचे खंड अंकशः संगणकांत उतरविण्यांत आले. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेनें मूळ मापें घेतलीं, हिप्पार्कसच्या अचूक ताऱ्यांचा त्यांना आधार दिला, प्रत्येक प्लेटीचे स्थिरांक नव्यानें काढले, आणि ४६ लाखांवर ताऱ्यांची एक सूची सिद्ध केली. २००० सालीं तिच्या साहाय्यानें 'टायको-२' ही सूची तयार झाली. तींत २५ लाखांवर ताऱ्यांच्या स्थानांबरोबर त्यांच्या गतीही दिलेल्या आहेत. शंभर वर्षांत दोन विकला सरकणारा तारा त्या जुन्या प्लेटींच्या प्रमाणांत मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढा हलतो. एवढी सूक्ष्म हालचाल पकडतां येते, ती प्लेटीवर डोळे खिळवून बसलेल्या माणसांच्या वह्यांमुळें. त्यांच्या खंडांत तयार स्थानेंच तेवढीं छापलीं असतीं, तर त्या काळच्या गणिताचा दोष त्यांतून वेगळा काढणें फार कठीण गेलें असतें.

मूळ नोंद जपण्याचा हाच लाभ महाराष्ट्रांतही एकदां दिसून आला आहे. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. तिनें २०१० ते २०१२ या काळांत दीडशें मेगाहर्ट्झ कंपनसंख्येवर आकाशाची पाहणी केली. या कंपनसंख्येवर वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरामुळें चित्रें डळमळतात. परंतु मूळ नोंदी संग्रहांत होत्या. म्हणून इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांवर नव्या रीतीनें पुन्हां गणित केलें, आणि २०१७ सालीं आकाशाच्या नव्वद टक्के भागांतील सहा लाखांवर रेडिओ-स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. थाळ्या पुन्हां फिरवाव्या लागल्या नाहींत. नोंद तीच, वाचन नवें.

आतां औंढ्याकडे येऊं. नागनाथाचें यादवकालीन देवालय, विसोबा खेचर आणि नामदेव यांची गुरुशिष्य म्हणून पडलेली गांठ, आणि नामदेवाच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरल्याची कथा, यांमुळें हें गांव महाराष्ट्राला शतकानुशतकें परिचित आहे. १९९९ सालीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि त्यानंतर सतरा वर्षांनीं या तालुक्याचें नांव अगदीं निराळ्या कारणानें जगभर गेलें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन 'लायगो' यंत्रांनीं दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघालेल्या गुरुत्वलहरी प्रथमच टिपल्या होत्या. ती वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं जाहीर झाली, आणि पुढच्याच आठवड्यांत केंद्र सरकारनें तसेंच तिसरें यंत्र भारतांत उभारण्यास तत्त्वतः मान्यता दिली. २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ रोजीं मिळाली, आणि ११ मे रोजीं कोनशिला बसली. यंत्र २०३० पर्यंत पुरें करण्याची मुदत त्या वेळीं सांगण्यांत आली.

हें यंत्र दुर्बीण नव्हे. काटकोनांत ठेवलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धांवणारे लेसरचे किरण आणि टोंकांना टांगलेले आरसे, असें त्याचें स्वरूप असतें. लहर आली कीं एक भुजा किंचित् लांबते, दुसरी आंखडते; तें अंतर अणूच्या गाभ्याहूनही अतिशय लहान असतें. दुर्बिणीप्रमाणें एका दिशेला रोखण्याची त्याला गरज नसते. जवळ जवळ साऱ्या आकाशाकडे तें एकाच वेळीं कान देऊन असतें. या अर्थानें तीही एक आकाशमोजणीच आहे, आणि बेगमपेठेच्या मोजणीप्रमाणें ती एकट्या वेधशाळेला साधत नाहीं. लहर निरनिराळ्या यंत्रांशीं किती सहस्रांश सेकंदांच्या फरकानें पोंचली, यावरून ती कोठून आली हें ठरतें. २०१५ सालीं दोनच यंत्रें असल्यामुळें उगमस्थान सुमारें सहाशें चौरस अंशांच्या प्रदेशांत कोठें तरी, एवढेंच सांगतां आलें. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं इटलींतील यंत्राचीही जोड असल्यामुळें तो प्रदेश अठ्ठावीस चौरस अंशांवर आला, आणि दुर्बिणींना ती घटना ज्या दीर्घिकेंत घडली ती दीर्घिकाच सांपडली. औंढ्याचें स्थान या सर्वांहून दूर आहे. म्हणून त्याच्या नोंदीला इतरांच्या नोंदींशेजारीं ठेवल्यानेंच विशेष मोल येतें.

नोंदींचें प्रमाण किती, हें एका साध्या हिशेबानें कळेल. लायगोच्या मुख्य नोंदींत दर सेकंदाला १६,३८४ मापें घेतलीं जातात. म्हणजे एका दिवसांत १४१ कोटींच्या वर. बेगमपेठेच्या साडेसात लाखांवर ताऱ्यांचीं तीन-तीन मापें धरलीं तर तेवढे अंक हें यंत्र अडीच मिनिटांच्या आंत जमवील. शिवाय ही केवळ मुख्य नोंद झाली. जमिनीची थरथर, वारा, उष्णमान, विद्युत्प्रवाहांतील चढउतार, आरशांची हालचाल यांच्या हजारों दुय्यम नोंदी तिच्याबरोबर चालतात. त्यांचा उद्देश प्लेटवरच्या त्या जाळीसारखाच आहे. आरसा हलला तो लहरीनें हलला कीं जवळून गेलेल्या मालमोटारीनें, हें पुढें कोणाला तपासावयाचें झालें तर दोन्ही हालचाली शेजारीं-शेजारीं नोंदलेल्या पाहिजेत.

एवढ्या गलबल्यांतून लहर ओळखावयाची कशी? शिवरात्रीच्या यात्रेंत हजार आवाज कानांवर पडत असतांही आपल्या गांवच्या ढोलाचा ठेका माहितगाराला ओळखूं येतो, कारण तो ठेका त्याला आधीं पाठ असतो. तसेंच येथें आहे. कृष्णविवरांच्या मीलनांतून कोणत्या आकाराची लहर निघावी हें सिद्धांतावरून काढून, तसे असंख्य नमुने नोंदीशीं ताडून पाहावयाचे. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेंत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच, म्हणजे लहर सांपडण्याच्या वीसएक वर्षें आधीं, या शोधपद्धतीचा पाया घातला. त्याच संस्थेंतील 'सारथी' नांवाच्या संगणकसमूहावर लायगोच्या नोंदींचें गणित चालत आलें आहे. तेव्हां यंत्र येण्यापूर्वींच नोंदी वाचणारे येथें तयार झाले होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बेगमपेठेच्या अनुभवावरून औंढ्याच्या बाबतींत कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा, तें आतां सांगतां येईल. मूळ माप, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाबरोबर, कायमचें राखलें पाहिजे. तें कसें घेतलें, यंत्राची त्या दिवसाची स्थिति काय होती, याची टीप त्याच्याशीं जोडलेली असली पाहिजे. स्थिरांकांवांचून प्लेटवरचीं मापें निरर्थक होतीं, तसेंच हेंही आहे. आणि त्याच्या प्रती अनेक ठिकाणीं असल्या पाहिजेत. कागदाचा खंड शंभर वर्षें कपाटांत राहिला तरी वाचतां येतो; चुंबकीय फिती आणि तबकड्या थोड्या वर्षांतच निकामी होतात, आणि त्यांवरील मजकूर वेळोवेळीं नव्या साधनांवर उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे आजच्या नोंदी जपणें हें एकदां करून सोडण्याचें काम नसून तो नित्याचा खर्च आहे. इमारतीच्या खर्चाला मंजुरी मिळते तेव्हां गाजावाजा होतो. प्रती उतरविणाऱ्याच्या पगाराला होत नाहीं, आणि कात्री प्रथम त्यालाच लागते.

याहून एक गोष्ट अधिक निकडीची आहे. निजामी अमलांत मराठवाड्याचा सारा हैदराबादच्या तिजोरींत जात असे. संस्थानच्या प्रजेंत सुमारें चतुर्थांश लोक मराठी बोलणारे होते. पण तेथील विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें, आणि औंढ्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला बेगमपेठेचे खंड ताऱ्यांइतकेच दूर होते. आज तशी सक्तीची आडकाठी नाहीं. लायगोच्या नोंदी ठराविक काळानें जगापुढें खुल्या केल्या जातात, आणि साधा संगणक असलेला विद्यार्थीही त्या उतरवून घेऊन त्यांत लहर शोधूं शकतो. परंतु त्यासाठीं लागणारें गणित त्याला कोणीं तरी शिकविलें पाहिजे, आणि तें समजेल अशा मराठींत लिहिलें गेलें पाहिजे. तसें न झालें, तर जमीन औंढ्याची, नोंद औंढ्याची आणि वाचन सर्वस्वीं परक्यांचें, अशी जुनीच स्थिति नव्या रूपांत कायम राहील.

कोणतेंही यंत्र जुनें होतें, आणि दुधाळ्याचेंही होईल. बेगमपेठेच्या मापांचा उपयोग जसा पाऊणशें वर्षांनीं झाला, तसा या यंत्राच्या एखाद्या रात्रीच्या नोंदींतून, आज कोणाच्या मनांतही नसलेला प्रश्न, या शतकाच्या शेवटीं कोणी तरी सोडवील. तो वाचणारा हिंगोली-परभणीच्या एखाद्या शाळेंतून गेलेला असावा, अशी इच्छा धरणें अवास्तव नाहीं. मात्र त्या शाळेंतील गणिताच्या तासाची काळजी आजच वाहिली पाहिजे.